चित्रातला क्लॅरोनेटवाला

अल सद्द, दोहा
९ ऑगस्ट २०२२

श्री. देवव्रत यांस,

सप्रेम नमस्कार मुद्दामच लिहीत नाही. आठ वर्षं तू माझ्याशी बोललेला नाहीस, मीही तुझ्याशी नाही, आणि त्यावाचून दोघांचंही काही अडलेलं नाही. तुझा नंबर मी कधीच काढून टाकला. हा पत्ता मिळाला तो शिकागोहून आमच्याकडे आलेल्या एका लाकडी पेटीवर. वर मिस्टर हॉलिसच्या स्टुडिओचं नाव, खाली बारीक अक्षरात सहायक म्हणून तुझं. सख्ख्या भावाचा पत्ता पेटीवर वाचायची वेळ यावी, हे आपल्याच घरात होऊ शकतं.

मी काय काम करते हे आईने तुला सांगितलंच असेल. तुम्ही दोघं बोलता, मला ठाऊक आहे. लुसैलमध्ये एक नवं हॉटेल उभं राहतंय, त्याच्या आतल्या सजावटीचं कंत्राट आमच्या कंपनीकडे आहे. जे जे भिंतीवर टांगायचं आणि जमिनीवर अंथरायचं ते माझ्या टेबलावरून जातं. फुटबॉलचा वर्ल्ड कप नोव्हेंबरात. त्याआधी सगळं खलास पाहिजे, असं आमचे साहेब रोज सकाळी बजावतात. तळमजल्यावर जॅझ ऐकत बसण्यासाठी एक दालन होणार आहे, तिथल्या मोठ्या भिंतीसाठी तुमचं चित्र घेतलंय.

चित्र आलं की पहिलं काम म्हणजे कंडिशन रिपोर्ट. टॉर्च तिरका धरून चित्राचा वीत वीत भाग बघायचा आणि कुठे तडा, कुठे डाग, कुठे रंग उडालाय, सगळं लिहून ठेवायचं. नंतर कोणी म्हणायला नको की हे तुमच्याकडे झालं. हे काम मला मनापासून आवडतं. मला मुळातच सगळ्यांचा संशय येतो, आणि इथे त्याचा पगार मिळतो.

चित्र चांगलं आहे, हे कबूल करते. सोबतच्या कागदात हॉलिससाहेबांनी लिहिलंय की हे सगळे आता हयात नसलेले काळे अमेरिकन वादक आणि गायक. त्यांच्या काळात त्यांना मोठ्या हॉटेलांत वाजवायला बोलवायचे, पण समोरच्या दाराने आत घ्यायचे नाहीत आणि दिवाणखान्यात जेवायला बसवायचे नाहीत. म्हणून साहेबांनी त्यांना मागच्या मुदपाकखान्यात बसवलंय, कार्यक्रम संपल्यानंतरचे. मांडीवर ताटल्या, वाद्यं भिंतीला टेकवलेली, एक जाडीजुडी गायिका किटलीतून सगळ्यांना काहीतरी ओततेय. उजेड असा दिलाय की खरा दिवाणखाना तोच वाटावा. मला लगेच बाबा आठवले. वरात दारात पोचवली की बँडवाल्यांची पंगत मांडवाच्या मागे, आचाऱ्यांच्या भट्टीशेजारी, सगळ्यांच्या शेवटी. बाबा घरी येऊन म्हणायचे, आज जिलबी संपली होती.

आठवले म्हणेपर्यंत टॉर्च दाराजवळच्या कोपऱ्यावर गेला, आणि तिथे ते बसलेले.

उलट्या खोक्यावर. अर्धा चेहरा सावलीत. मांडीवर क्लॅरोनेट, हातात फडकं, आणि कानावर सुताराच्या पेन्सिलीसारखी खोचलेली क्लॅरोनेटची फुंकायची पत्ती. कुशल म्हणतो, चेहऱ्यासारखे चेहरे असतात. माझा नवरा भला माणूस आहे, त्याला दुकानदाराचंही सगळं खरं वाटतं. पण कानावर पत्ती ठेवणारा क्लॅरोनेटवाला मी जगात एकच पाहिलाय, आणि तूही.

आता मुद्द्याचं विचारते. हे गेलेल्या माणसांचं चित्र आहे. त्यात तू बाबांना का बसवलंस?

बाबा हरवलेत, देवव्रत. गेलेले नाहीत. २०१०च्या दिवाळीत क्लॅरोनेटची पेटी घेऊन घराबाहेर पडले आणि परत आले नाहीत, एवढंच आपल्याला माहीत आहे. की तुला जास्त माहीत आहे?

आसावरी


अल सद्द
२५ ऑगस्ट २०२२

देवव्रत,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण आता हे प्रकरण माझ्या एकटीचं राहिलेलं नाही.

आमच्याकडे बिलकिस नावाची हैदराबादची बाई परवानग्यांचं काम बघते. मालकांचा नियम असा की चित्रातला माणूस हयात असेल तर त्याची स्वतःची सही हवी, आणि गेलेला असेल तर घरच्यांची संमती. भिंतीवर पितळी पाटी लागणार, तिच्यावर सगळ्यांची नावं. बिलकिसने नावं मोजली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"आसावरी, ये बारहवाँ कौन है? प्लेट पे तो ग्यारह नाम हैं।"

मी म्हटलं, "पूछ के बताती हूँ।"

"पहले ये पूछो, ज़िंदा है कि मरहूम। उसके बिना मैं फाइल आगे नहीं भेजती।"

बघ म्हणजे. बारा वर्षं काका जे विचारतायत, शेजारीपाजारी जे विचारतायत, आई देवळात गेली की बायका जे न विचारता नुसतं तिच्या कपाळाकडे बघून घेतात, ते आता बिलकिस मला विचारते. मी तिला सांगितलं नाही की हे माझे वडील. का नाही सांगितलं कोण जाणे. सांगितलं असतं तर उत्तरही मलाच द्यावं लागलं असतं.

काकांचं तुला माहीत नसेल तर ऐक. या दिवाळीला बारा वर्षं पुरी होतात. बारा वर्षं पत्ता नसलेला माणूस शास्त्राप्रमाणे गेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, असं त्यांनी त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींशी बोलून ठरवूनही टाकलंय. आईने नको म्हटलं. मी फोनवर काकांशी कडाकडा भांडले. पुतळा जळला की आईचं कुंकू गेलं, तिला हळदीकुंकवाला कोणी बोलवणार नाही, आणि उद्या बाबा दारात उभे राहिले तर त्यांना काय सांगायचं, तुमचे दिवस घालून झालेत, म्हणून? मी असेपर्यंत हे होऊ देणार नाही. आणि नेमक्या त्याच वर्षी तू शिकागोत बसून बाबांना मेलेल्यांच्या पंगतीत बसवतोस. काकांनी तुला हाताशी धरलंय का?

तुझं वागणं मी आजवर नुसता तुटकपणा समजत होते. आता एकेक आठवून बघतेय. माझ्या लग्नात तू टोपी घालून आलास. केस कुठे गेले विचारलं, तर म्हणालास उवा झाल्या होत्या. शिकागोत शिकणाऱ्या पोराच्या डोक्यात उवा! तेव्हा मी हसले. मांडवात तू कुठल्याच विधीला पुढे आला नाहीस. कानपिळीच्या वेळी सगळे तुला शोधत होते. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या धाकट्या भावाचा. शेवटी काकांच्या सुन्याने येऊन पिळला, तोही असा हलका की लोक हसले. तू मांडवाच्या मागे आचाऱ्यांजवळ उभा होतास म्हणे. न जेवता निघून गेलास. मला वाटलं तुला कुशल पसंत नाही, मी दोह्याला जाते ते पसंत नाही. त्या दिवसापासून मी तुझं नाव घेतलं नाही.

परवा वल्लरीला चित्राचा फोटो दाखवला. ती आता सात वर्षांची आहे, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. आजोबांना तिने कधी पाहिलेलं नाही, घरात फोटोही नाही. ती दाराजवळच्या माणसावर बोट ठेवून म्हणाली, "ममा, ही लुक्स लाइक यू."

मी फोन काढून घेतला.

स्पष्ट लिही. बाबा कुठे आहेत?

आसावरी


अल सद्द
१८ सप्टेंबर २०२२

देवव्रत,

शाबास. बहिणीच्या पत्राला उत्तर नाही, पण ऑफिसच्या ईमेलला चोवीस तासांत. बिलकिसने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. "बारावी आकृती दिवंगत. कुटुंबाची संमती आहे." खाली हॉलिससाहेबांच्या वतीने तुझी सही.

"अल्लाह मग़फ़िरत करे," बिलकिस म्हणाली आणि फायलीवर शिक्का मारला.

मी प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारून आले. साहेब म्हणाले, "एनी प्रॉब्लेम?" मी म्हटलं, "नो सर, एव्हरीथिंग क्लिअर." बाहेर लुसैलच्या त्या उंच इमारतींवर खेळाडूंचे मजले मजले उंचीचे फोटो चढवत होते, क्रेनच्या दोरीला एकेक चेहरा लटकत वर चाललेला. मी खिडकीशी उभी राहून ते बघत राहिले. रडू आलं नाही. राग आला.

दिवंगत, हे तू ठरवलंस की तुला कळलं? आणि कुटुंबाची संमती म्हणजे कोणाची? कुटुंब म्हणजे आई, तू आणि मी. मला कोणी विचारलेलं नाही. तुझी तुलाच संमती असेल तर तसं लिहिलं असतंस, तू निदान कागदावर तरी खोटं बोलत नाहीस. मग उरलं कोण?

हा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला. आईवर संशय घ्यायचा म्हणजे हद्दच झाली. पण एकदा आलेला विचार जातो का? मी परत दालनात गेले, टॉर्च घेतला, आणि बाबांच्या हातातल्या फडक्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदा मी ते नुसतं "कापड, निळसर" असं लिहून पुढे गेले होते. ते निळसर नाही, मोरपंखी आहे. त्याला बारीक सोनेरी कोयऱ्यांचा काठ आहे. तू काठ रंगवलास, देवव्रत, कोयऱ्या आणि त्यांच्यामधले ठिपकेसुद्धा.

ती आईची साडी आहे. माझ्या साखरपुड्याला मी स्वतः तिच्यासाठी घेतलेली. साखरपुडा २०१३चा, आणि बाबा गेले २०१०ला. त्यांनी ती साडी बघितलेलीच नाही. मग तिचा तुकडा त्यांच्या हातात कसा?

आणि ती साडी आईने नंतर कधीच नेसली नाही. इस्त्रीवाल्याने जाळली म्हणाली. मी इस्त्रीवाल्याशी भांडायला निघाले, तर मला हाताला धरून बसवलं होतं, जाऊ दे गं म्हणून. आपली आई कधी कोणाला जाऊ देते? भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी बारीक दिली तर गल्लीच्या टोकापर्यंत मागे जाते.

आज जेवताना मी कुशलला विचारलं, "तू हल्ली आईशी फोनवर काय बोलतोस? मी आले की बोलणं थांबवतोस."

त्याचा घास हातात राहिला. "सहज. तब्येत वगैरे."

"तब्येतीचं माझ्यासमोर बोलता येत नाही?"

"आशू, तू ना, पोलिसात जायला हवं होतंस," म्हणाला आणि ताट घेऊन उठला. आमटी न संपवता उठणारा माणूस नाही तो.

म्हणजे तू, आई, आणि आता माझा नवरासुद्धा. सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि मी तेवढी वाळीत. बरं आहे. मीही बघते.

आसावरी


अल सद्द
५ ऑक्टोबर २०२२, दसरा

देवव्रत,

आई येतेय. कुशलशी कुजबुज चालली होती ती तिच्या व्हिसाची. नोव्हेंबरपासून पाहुण्यांना साध्या व्हिसावर इथे येता येणार नाही, म्हणून तिने घाई केली, आणि त्याला बजावलं की आशूला आधी कळू देऊ नकोस, नाहीतर ती नको म्हणेल. मी कशाला नको म्हणेन? आठ वर्षं मी ये ये म्हणतेय. कधी गुडघे दुखतात, कधी तुळशीला पाणी कोण घालणार. आणि आता, बरोबर त्या दिवाळीच्या तोंडावर, ती स्वतः होऊन विमानात बसतेय.

मी तिला चित्राबद्दल एक अक्षर बोललेले नाही. फोनवर नेहमीसारखंच बोलले. "हॉटेलात काय काय टांगलंस गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "झुंबरं." ती म्हणाली, "आणखी?" मी म्हटलं, "पडदे." मग ती तिळगुळाच्या पोळ्या आत्ताच करून आणू का, संक्रांतीला मी नसेन, वगैरे बोलायला लागली.

बघितलंस? तिला माहीत आहे. चित्र इथे आलंय हे तिला माहीत आहे.

मग मी आणखी एक गोष्ट केली. आमच्या कंपनीने चित्रासाठी कुठल्या कुठल्या स्टुडिओंना विचारलं होतं ते जुने ईमेल उघडले. हॉलिससाहेबांनी आधी दुसरंच एक चित्र द्यायचं कबूल केलं होतं, शहराचं, पुलाचं. मग मी पाठवलेला एक ईमेल आहे, मापं विचारणारा. खाली माझं नाव, नंबर, सगळं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून निरोप आला की पूल नको, हे घ्या. तेव्हा मला वाटलं, कलावंत लोक लहरी असतात.

तर हे चित्र चुकून माझ्यासमोर आलेलं नाही. तू पाठवलंयस. मी टॉर्च धरून वीत वीत बघणार हे तुला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी तू पाटीवर चित्र काढायचास आणि मी त्यातल्या चुका काढायचे, तेव्हापासून.

पण मग एक ओळ लिहायला तुझा हात का मोडला होता?

आसावरी


अल सद्द
२० ऑक्टोबर २०२२

देवू,

आई तुला फोनवर सांगेलच, पण ती सांगते ते निम्मं असतं हे आता आपल्या दोघांनाही कळलेलं आहे. म्हणून मी लिहिते.

विमानतळावर ती बाहेर आली ती कपाळावर रुपयाएवढं कुंकू घेऊन. टिकली नाही, मेणावर कोरडं कुंकू, तिच्या पद्धतीचं. वल्लरी धावत गेली आणि "आजी, यू आर सो स्मॉल!" म्हणाली. मी ते कुंकू बघितलं आणि ठरवलं की घरी काही विचारायचं नाही. तिला सरळ चित्रासमोर उभं करायचं. संशयिताला घटनास्थळी नेतात तसं.

परवा तिला लुसैलला नेलं. हॉटेलात अजून काम चालू आहे, त्यामुळे पाहुण्यांनाही हेल्मेट आणि पिवळं जाकीट घालावं लागतं. नऊवारीची सवय असलेल्या बाईने पाचवारीवर पिवळं जाकीट घातलं आणि आरशात बघून म्हणाली, "बँडवाली दिसते अगदी." मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर फिरवली.

चित्र अजून भिंतीवर चढलेलं नाही, खाली लाकडी ठोकळ्यांवर टेकवून उभं आहे. चित्रं टांगणारा रहमान आणि त्याची माणसं जेवायला गेली होती. आईने दारातच चपला काढल्या. सेफ्टीवाला लांबून ओरडला, "मॅडम, शूज, शूज!" तिने त्याच्याकडे हात हलवला, येते हं, म्हणून, आणि अनवाणी आत गेली.

ती आधी बाबांकडे गेलीच नाही. दुसऱ्या टोकापासून एकेकासमोर थांबत आली. ट्रंपेटवाला, ट्रॉम्बोनवाला, किटलीवाली बाई.

"ही सगळी गेली?"

"हो."

"मोठी माणसं असतील."

"खूप मोठी. पण यांना मागच्या दाराने आत घ्यायचे."

"देवूने सांगितलंय मला." मग त्यांच्या मांडीवरच्या ताटल्या बघत, "जेवतायत ना पण. बरं वाटलं."

आणि मग ती बाबांसमोर आली. मी मागे उभी होते. मला वाटलं होतं ती दचकेल, मग मी तिला पकडेन, सगळं वदवून घेईन. ती दचकली नाही. तिने वाकून त्यांच्या हातातलं फडकं बघितलं आणि म्हणाली, "काठ छान काढलाय पोराने."

"आई, ती साडी इस्त्रीवाल्याने जाळली नव्हती."

"नव्हती."

"मग?"

ती तिथेच, बाबांच्या खोक्याशेजारी, जमिनीवर बसली. हेल्मेट काढून मांडीत घेतलं. आणि मी काही न विचारता बोलायला लागली.

तुला सगळं माहीत आहे. तरी मी लिहिते, कारण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचंय. लग्नाला पंधरा दिवस असताना बऱ्हाणपूरच्या एका बँडमास्तरचा फोन आला होता, की क्लॅरोनेटच्या पेटीत हा नंबर सापडला, तुमचा माणूस दवाखान्यात आहे, लवकर या. तू तेव्हा लग्नासाठी येऊन राहिलेला. तुम्ही दोघांनी मला सांगितलं की जळगावकडे आमंत्रणं द्यायला जातो. आमंत्रणाला जायचं म्हणून आईने ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली. मीच तिच्या निऱ्या धरल्या होत्या, देवू.

"शुद्धीवर होते," आई म्हणाली. "नाशकात सगळीकडे डीजे आले, त्यांना कोणी बोलवेना, घरात नुसतं बसून खाणं त्यांना जमेना, म्हणून गेले होते म्हणाले. बऱ्हाणपूरला अजून बँड लावतात. परत यायची लाज वाटत गेली. मी काही बोलले नाही. आता काय भांडायचं? मग विचारलं त्यांनी, आशूचं लग्न कधी? म्हटलं, पंधरा दिवसांवर. तर म्हणाले, मग आत्ता कोणाला काही सांगू नकोस. आणि विचारलं, बँड कोणाचा ठरवलाय?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बँडच आहे. चांगला वीस जणांचा. क्लॅरोनेट दोन."

माझ्या लग्नात डीजे होता. मीच हट्टाने लावलेला.

"मग त्यांनी क्लॅरोनेट मागितलं. वाजवायची ताकद नव्हती, नुसतं पुसायचं होतं. फडकं सापडेना. मी पदराचं टोक फाडून दिलं. पुसता पुसता झोपले ते, मग उठले नाहीत."

मी तिला विचारलं, लग्न झाल्यावर का नाही सांगितलंस? माझा आवाज चढला असावा, कारण सेफ्टीवाला पुन्हा डोकावून गेला.

"लग्नाआधी सांगितलं असतं तर मी मागच्या खोलीत बसले असते. तुला हळद लावली नसती, ओटी भरली नसती. तुझ्या काकीने भरली असती. मला माझ्या हाताने भरायची होती. मग म्हटलं, तू रुळलीस की सांगू. तर तुझं डोहाळजेवण आलं. मग बारसं. मग वल्लरीचं बोरन्हाण. दर वेळी पुढे काहीतरी शुभ उभंच असायचं गं. तुझ्या घरची शुभकार्यं संपतच नव्हती, मी काय करू?"

हे ती अगदी गंभीरपणे म्हणाली. मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. मी तिच्याशेजारी खाली बसले आणि तिच्या त्या पिवळ्या जाकिटात तोंड घालून रडले. देवू, आठ वर्षं मी एका माणसाची वाट बघत होते आणि त्याच्यासाठी काकांशी भांडत होते. आठ वर्षं तू डोक्यावर टोपी घालून माझ्या शिव्या खात होतास. बऱ्हाणपुरातच राहून बाबांचे दिवस करून आलेला, सुतकातून नुकता उठलेला मुलगा तू, बहिणीच्या मांडवात अपशकुन नको म्हणून आचाऱ्यांच्या भट्टीजवळ उभा राहिलास. आईने तुला शपथ घातली होती की तोंडाने काही सांगायचं नाही. तू तोंडाने नाहीच सांगितलंस.

"त्यांचा फोटो लावता येत नव्हता, हार घालता येत नव्हता," आई म्हणाली. "घरी आल्यागेल्याला दिसला असता. मग मीच देवूला म्हटलं, तुझ्या त्या साहेबांना विचार, कुठे कोपऱ्यात जागा असेल तर ह्यांना बसव. साहेब म्हणाले म्हणे, मागच्या दाराचा माणूस आहे ना, मग आपलाच आहे. इकडे पाठवतोय हे मात्र त्याने मला नंतर सांगितलं. मी चिडले. मग विचार केला, आता दिवाळीत तो पुतळा जाळायचा म्हणतायत. एका माणसाला किती वेळा जाळायचं?"

मग ती उठली. मला वाटलं, निघायचं म्हणतेय. तिने उजव्या हाताचं मधलं बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं, कुंकू बोटावर घेतलं, आणि मी "आई, हात लावू नको" म्हणेपर्यंत बाबांच्या कपाळावर लावलं. फोटोला लावतात तसं. मग हात जोडले. तिच्या कपाळावर नुसतं लालसर वर्तुळ उरलं होतं.

पन्नास हजार डॉलरचं चित्र आहे. माझ्याच देखत, माझ्याच पाहुणीने. नोकरी जायला एवढं पुरेसं आहे.

दुपारी रहमान परत आला, चित्र भिंतीवर चढवायच्या आधी शेवटचा रिपोर्ट करायचा होता. टॉर्च मीच धरला. बिलकिस शेजारी उभी होती. तिची नजर पडलीच. "ये लाल निशान? पहले तो नहीं था।"

मी तिच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर संशय घेत होतं आणि तो अगदी बरोबर होता. मी लिहिलं, "बारावी आकृती, कपाळावर लहान लाल ठिपका. मूळ चित्राचाच भाग." आणि खाली सही केली. बिलकिस थोडा वेळ चित्राकडे बघत राहिली, मग माझ्या चेहऱ्याकडे, मग परत चित्राकडे. वल्लरीला जे दिसलं ते तिलाही दिसलं असणार. तिने शिक्का मारला. तेव्हा आता हॉलिससाहेबांना कोणी विचारलं तर तू त्यांना सांभाळ. ठिपका मूळचाच.

काकांना मी कळवलंय, पुतळा नको, सगळं रीतसर झालेलं आहे. कधी आणि कुठे विचारत होते. म्हटलं, देवूला विचारा, मुलगा तो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी आरशासमोर बसली, मेण लावलं, कुंकू लावलं. मी दारात उभी राहून बघत होते. तिला आरशात दिसले.

"काय बघतेस? इतके दिवस तुझ्यासाठी लावत होते. आता मला शोभतं म्हणून लावते."

मी तिच्या पुढ्यात बसले आणि म्हटलं, मलाही लाव.

पितळी पाटी अजून कोरायची आहे. अकरा नावं तयार आहेत. बाराव्याचं काय लिहू ते कळव. मला वाटतं, "अरुणकुमार, क्लॅरोनेट, नाशिक" पुरे.

इथे येणं आता वर्ल्ड कप संपेपर्यंत जमायचं नाही, आणि आईला त्याआधी परत पाठवायचंय. जानेवारीत नाशकात भेटू. माझ्या लग्नातल्या त्या वीस जणांच्या बँडबद्दल बाबा तुझ्याकडे काही बोलले असतील तर तेही तेव्हाच सांग. आणि कुशलला मी सगळं सांगितलंय. तो म्हणाला, म्हणजे माझ्या लग्नाची कानपिळी झालीच नाही म्हणायची. झालेली नाहीच. सुन्याने केली ती मोजायची नाही. त्याचा कान मी तुझ्यासाठी ठेवलाय.

तुझी
ताई